खांद्याएवढी वई

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या बायकोला कुंपणाशी उभं करून तिच्या खांद्याच्या रेषेत सुतळी बांधत होते. लग्न होऊन मी श्रीवर्धनला नुकतीच आले होते. सकाळी मागच्या पडवीत भांडी उपडी घालत असताना शेजारच्या वाडीतला हा प्रकार दिसला आणि मी हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिले. सुमतीकाकू पदर खोचून, ओल्या हातांनी मुकाट उभ्या होत्या. अण्णा सुतळीचं टोक सुपारीच्या बुंध्याला गुंडाळत होते.

"हलू नकोस."

"अहो, दूध उतू जाईल."

"जाऊ दे. दूध रोजच तापतं. वई वर्षातून एकदाच कापतो."

वई म्हणजे आमच्याकडे जिवंत झाडांचं कुंपण. सासूबाईंनी मग मला सगळं सांगितलं. काकू पालीच्या. भर वस्तीतल्या घरातून त्या इथे आल्या तेव्हा अण्णांच्या वडिलांनी लावलेली वई दीड पुरुष उंच होती. पहिल्याच वर्षी काकू नवऱ्याला म्हणाल्या, "इथे आल्यापासून रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं तोंड दिसलं नाही मला." अण्णांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कोयता घेऊन वई काकूंच्या खांद्याएवढी केली. वडिलांनी महिनाभर अबोला धरला. तेव्हापासून दिवाळीच्या आधी ही सुतळी ठरलेली. काकू बुटक्या, त्यामुळे आमच्या आळीत सगळ्यात ठेंगणी वई अण्णांची होती.

अण्णा एस.टी.च्या डेपोत कंट्रोलर होते. गाड्या कुठल्या फलाटाला लागल्या, कुठली उशिरा सुटणार, हे माईकवरून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे घरीही ते साधं बोलतच नसत. वईपलीकडून आवाज यायचा, "शेजारच्या सूनबाईंनी कृपया लक्ष द्यावे. कापा फणस फोडलेला आहे. भांडे घेऊन यावे." आळीतली पोरं त्यांची नक्कल करायची आणि अण्णा ती नक्कल दुरुस्त करायचे. "कृपया घाईत म्हणायचं नाही. कृपया म्हणताना माणसाला वाटलं पाहिजे की गाडी त्याच्यासाठीच थांबलीय."

डेपोत ते कडक होते म्हणतात. घरी त्यांचा सगळा वेळ वईत जायचा. रस्त्याच्या अंगाला त्यांनी तांबडी जास्वंद लावली होती आणि मधूनमधून मेंदी. "येणाऱ्याला आधी फूल दिसावं, कुत्रा मग," असं त्यांचं म्हणणं. समुद्राच्या अंगाला निगडी, म्हणजे निर्गुडी, कारण खाऱ्या वाऱ्याला ती दबत नाही आणि तिचा पाला उकळून काकूंच्या गुडघ्यांना शेक मिळायचा. आमच्या अंगाला अडुळसा. शेळी त्याला तोंड लावत नाही आणि खोकल्याला काढा मिळतो. चौथ्या अंगाला पूर्वी मोगली एरंड होता. तिथली वाडी मुंबईच्या एका कुटुंबाने विकत घेतली आणि चिऱ्याची उंच भिंत घातली. अण्णा त्यांच्याकडे जास्वंदीच्या फांद्या घेऊन गेले होते, भिंतीऐवजी हे लावून बघा म्हणून. फाटकावरच्या माणसाने फांद्या ठेवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याच्या कडेला सुकलेल्या दिसल्या. अण्णांनी त्या उचलून आणल्या, पाण्यात ठेवून पाहिल्या, आणि पुन्हा त्या घराचं नाव काढलं नाही.

काट्यांचं त्यांना वावडं होतं. आळीत कोणी घायपात किंवा बोगनवेल लावली की ते थांबून सांगायचे, "काट्याला माणूस ओळखता येत नाही. चोर आला काय, मावशी आली काय, त्याला सारखंच."

आमच्या आणि त्यांच्या वाडीमधल्या अडुळशात त्यांनी एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली होती. तिला आम्ही खिंड म्हणायचो. सासूबाई आणि काकू दिवसातून कितीदा तरी त्या खिंडीतून ये-जा करायच्या. विरजण, कढीलिंब, सोललेल्या सुपारीने भरलेलं सूप, भांडणं, सगळं तिथून जायचं. सासूबाई गेल्या तेव्हा काकू तिथेच उभ्या राहून रडल्या, घरात आल्या नाहीत. त्यानंतर ती वाट माझ्याकडे आली. काकू मला खिंडीतून हाक मारून विचारायच्या, "मीनल, आज काय गं केलंस?" आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःचं सांगायला लागायच्या.

मग ते वादळ झालं. सुपारीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आळीतले लोक आपापल्या वाडीत उभे राहून इकडेतिकडे बघत होते, कारण वाडी ओळखू येईना. जो तो म्हणत होता, "आपली विहीर कुठाय? माझी वाडी कुठे गेली?" काकूही तेच म्हणत होत्या. पुढे कित्येक दिवस म्हणत राहिल्या. विहिरीकडे जायला निघायच्या आणि भलत्याच दिशेला थांबायच्या. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. आजूबाजूला सगळ्यांचीच तशी गत होती. लोकांनी पडलेली झाडं उचलली, नवी रोपं लावली, लोकांना आपल्या वाड्या पुन्हा सापडल्या. काकूंना सापडली नाही.

एकदा भर सकाळी त्या डबा घेऊन डेपोत गेल्या. अण्णांना निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कंट्रोलरच्या खिडकीवर डबा ठेवून त्या नव्या मुलाला म्हणाल्या, "साहेबांना द्या. आज सकाळची पाळी आहे ना, तसेच निघून गेले." तो मुलगा अण्णांना ओळखत होता. त्याने स्वतः रिक्षातून त्यांना आणून सोडलं. तेव्हा आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले, डबा उघडून तिथेच ओट्यावर बसून जेवले आणि म्हणाले, "डबा वेळेवर आला. धन्यवाद."

पण डबा मग वरचेवर निघायला लागला. कधी नुसतं रिकामं भांडं, कधी चप्पल पदरात गुंडाळलेली. घरात असल्या तरी अण्णांकडे त्या परक्यासारखं बघायच्या आणि लगेच डोक्यावर पदर घ्यायच्या. मला मीनल म्हणायच्या, पण मला वाटतं ते नाव होतं, माणूस नव्हतं. आमच्या कामवालीलाही त्या मीनलच म्हणायच्या.

एका संध्याकाळी हिराबाई कोळीण त्यांना धरून घेऊन आली. दोघी कमरेपर्यंत ओल्या. हिराबाई अंगणातूनच ओरडली, "आन्ना, काकू पान्यात उभी व्हती! मी हाका मारतंय, तर ती फुडं फुडंच जातंय. मी नसती पाह्यली तर काय केला असता तुमी?"

अण्णांनी काकूंचे पाय पुसले, हिराबाईला चहा दिला. मग वाडीच्या मागच्या अंगाला जाऊन निगडीच्या वईतून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेशी ते अंधार पडेपर्यंत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत खणण्याचा आवाज आला. मी गेले. अण्णांनी खाडीच्या कडेला उगवलेली सागरगोट्याची रोपं उपटून आणली होती. समुद्राकडच्या वाटेवर ती आधीच लावून झाली होती. लहानपणी आपण ज्या राखाडी बियांनी सागरगोटे खेळतो, त्यांचा हा वेल. त्याला पानापानाखाली काटे असतात आणि ते मागे वळलेले असतात, गळासारखे. पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. नवी रोपं लावून अण्णा त्यांच्यापुढे करवंदीच्या तोडलेल्या जाळ्या रचत होते.

"अण्णा, ही वाट बंद करताय?"

"बंद. इथून पुढे फाटकातून यायचं. हाक मारलीस की कुलूप काढीन."

"पण काटे? तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. "अडुळशातून ती निघून जाते, मीनल. काल निगडीतून गेली."

दोन पावसाळ्यांत ती वई आमच्या डोक्यावरून गेली. सागरगोटा अडुळशावर चढला, निगडीवर चढला, जास्वंदीत शिरला. दिवाळी आली तरी सुतळी बांधली गेली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला आता फूल दिसत नव्हतं, घरही दिसत नव्हतं. खालच्या खोल्यांत दुपारीही दिवा लावावा लागायचा. फाटकाची किल्ली अण्णा जानव्याला अडकवायचे. माईकवरचं बोलणं कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा पोरांनी फाटकाबाहेरून त्यांची नक्कल केली. आतून कोणी दुरुस्त केली नाही, तेव्हा पोरं निघून गेली.

लोक बोलायला लागले. म्हातारा बायकोला कोंडून ठेवतो. आत मारतोसुद्धा म्हणे. मारत नव्हते. मी रोज जायचे, मला माहीत आहे. ते काकूंची वेणी घालायचे. वेणी त्यांना येत नसे, म्हणून एका बाजूला पेड जाड व्हायचा. काकू ओसरीवर बसून वेलाच्या पडलेल्या बियांनी सागरगोटे खेळायच्या. हाताला खेळ आठवत होता. एक वर उडवून खालच्या उचलायच्या, वरची अचूक झेलायच्या, आणि चुकलं तर समोर बसलेल्या अण्णांना म्हणायच्या, "आता तुमचा डाव." अण्णांना एकही झेलता यायची नाही.

मुलगा मंदार पुण्यात नोकरीला. तो आला तेव्हा फाटकातच थबकला. मी काकूंसाठी पेज घेऊन गेले होते, म्हणून मला ते बोलणं ऐकावं लागलं.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत? हे घर आहे की तुरुंग?"

"घर आहे. दार आहे, खिडक्या आहेत."

"आणि कुलूप?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

"पुण्यात अशा माणसांना सांभाळणाऱ्या चांगल्या जागा आहेत. शिकलेल्या बायका असतात. डॉक्टर असतो."

"तिथेही कुंपण असेलच की."

"असेल. पण तिथे माणसं असतील सांभाळायला. तुमचं वय बघा."

अण्णा म्हणाले, "तिला पालीचं घर आठवतं, मंदार. डेपो आठवतो. हे घर तसं थोडंथोडं आठवतं. पुण्यातलं काय आठवणार?"

मंदार रडला. रात्रीच्या गाडीने परत गेला. जाताना मला फोन नंबर देऊन गेला, काही झालं तर कळवा म्हणून.

झालं ते चैत्रातल्या एका भर दुपारी. मी जेवण आवरून पडले होते. मागून कोणी तरी सभ्यपणे हाक मारत होतं. ओरडणं नव्हे. पोस्टात किंवा दुकानात रांगेत उभं राहून बाईमाणूस जसं विचारतं तसं. "अहो बाई. बाई, जरा इकडे येता का?"

मी वईशी गेले. पूर्वी खिंड होती तिथे, सागरगोट्याच्या आत काकू होत्या. निम्म्या आत शिरल्या होत्या आणि तिथेच अडकल्या होत्या. अंगावरचं पातळ काट्यांत अडकलं होतं, केस वर ओढले गेले होते, कपाळ, गाल, दोन्ही दंड उकललेले. हलल्या की नवे काटे लागत होते. एका हातात डबा होता आणि तो त्यांनी उंच धरला होता, सांडू नये म्हणून.

"जरा सोडवता का? उशीर होतोय."

मी हात घातला आणि माझाच हात कोपरापर्यंत फाटला. मी अण्णांना जोरजोराने हाका मारल्या. जेवण झाल्यावर बसल्याजागी त्यांचा डोळा लागला होता. तेवढाच. ते पलीकडून धावत आले. अनवाणी, हातात कोयता. आणि कोयता उचलून ते थांबले, कारण कुठे मारावा ते कळेना. वेल आणि काकू वेगळ्या दिसतच नव्हत्या. मग त्यांनी कोयता टाकला आणि नुसत्या हातांनी एकेक काटा सोडवायला लागले. ते लहान मुलीशी बोलावं तसं बोलत होते. "हलू नकोस. झालं. हलू नकोस हं."

काकूंनी मोठ्या कष्टाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाहिल्यावर आवाज खाली आणला.

"तुम्ही डेपोतले का हो?"

अण्णा थांबले. "हो."

"मग कंट्रोलरसाहेबांना एवढं सांगाल? म्हणावं, त्यांच्या बायकोला इथे कोणी तरी कोंडून ठेवलंय. त्यांना ठाऊक नसेल. ठाऊक असतं तर ते आले असते."

अण्णांचे हात काट्यात होते. त्यांनी ते काढले नाहीत. "सांगतो," ते म्हणाले. "आत्ताच जाऊन सांगतो." आणि पुढचा काटा सोडवायला लागले.

माझे यजमान आले, आळीतले दोघेतिघे आले, सगळ्यांनी मिळून काकूंना बाहेर काढलं. इथल्या दवाखान्यात टाके पडले. मग ताप राहिला, तेव्हा अलिबागला हलवलं. जखमा भरत आल्या, पण काकूंनी खाणं सोडलं आणि छातीत कफ साठला. डॉक्टरांनी अण्णांना नीट बसवून समजावलं की या आजारात शेवटी असंच होतं, काट्यांमुळे नाही. अण्णांनी ऐकून घेतलं. पाळी बदलून दुसरा डॉक्टर आला की त्याला विचारायचे, "सागरगोट्याच्या काट्याला विष असतं का हो?" नाही म्हटलं की मान हलवायचे. तिसरा आला की त्यालाही तेच.

मी भेटायला गेले तेव्हा पाहिलं. काकू सलाइनची सुई उपटायच्या, म्हणून नर्सने मनगटं कापसाच्या पट्टीने खाटेला बांधली होती. अण्णांनी ती सोडली होती आणि दोन्ही मनगटं स्वतःच्या हातांत धरून स्टुलावर बसले होते. त्यांच्याही हातांवर काळ्या खपल्या.

नर्स म्हणाली, "काका, झोप लागली तर हात सुटतील."

"नाही लागणार."

काकू त्यांच्याकडे कौतुकाने बघत होत्या. "किती वेळ बसलायत हो. घरी वाट बघत असतील तुमची."

"बघू देत," अण्णा म्हणाले.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी अण्णांना ओळखलं नाही. मंदारने खूप वाट पाहिली, निदान एकदा नावाने हाक मारतील म्हणून. अण्णा तशी काही अपेक्षा धरून बसलेले दिसले नाहीत.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मग अण्णांनी वई तोडायला घेतली. आधी सागरगोटा. तो तोडतील हे आम्हाला वाटतच होतं. मग अडुळसा. मग निगडी. माणूस लावायला तयार नव्हते. माझे यजमान मदतीला म्हणून गेले आणि जास्वंदीवर कोयता पडताना बघून म्हणाले, "अण्णा, हिला तरी राहू द्या. तांबडी जास्वंद, तुमच्या हातची. हिने काय केलं?"

"हीही उंच झाली होती," अण्णा म्हणाले आणि तोडत राहिले.

मुळं खणून काढली. ढीग वाळला तेव्हा पेटवला. काटे तडतडत होते आणि निगडीचा वास साऱ्या आळीत भरला होता. फाटकाचे खांबही उपटले. चौथ्या अंगाची ती परकी भिंत सोडली तर तीन अंगांनी वाडी उघडी पडली. मग तिथून काहीही यायला लागलं. गुरं आली, त्यांनी पानवेली खाल्ल्या. डुकरांनी सुरण उकरला. वादळानंतर लावलेली सुपारीची कोवळी रोपं शेळ्यांनी शेंड्यापासून संपवली. आम्ही आमच्या अंगणातून हाकलायचो, अण्णा हाकलायचे नाहीत. मी एकदा रागावून म्हटलं, "निदान एक फांदी तरी आडवी टाका." ते म्हणाले, "मला आता कुणाला अडवता येत नाही गं."

पावसाळा संपल्यावर मंदार त्यांना पुण्याला घेऊन गेला. या वेळी अण्णांनी वाद घातला नाही. तिकडे ते फार दिवस काढणार नाहीत असं वाटलं होतं, तसंच झालं. वाडी आता विकली गेलीय.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. अण्णा अंगणाच्या मधोमध लाकडी खुर्ची टाकून बसले होते. अंगावर उन्हाची तिरीप, मांडीवर रिकामे हात. सुट्ट्यांचे दिवस होते आणि गावात पाहुणे पुष्कळ. मोकळी जागा बघून लोकांनी त्यांच्या वाडीतून किनाऱ्यावर जायची वाट पाडली होती, गवत पार मेलं होतं. मुंबईकडचं एक मोठं कुटुंब त्या वाटेने आलं. टोप्या, चटया, पाण्याचा कॅन. अण्णांना बघून पुढचा माणूस ओशाळून थांबला.

"काका, ही तुमची जागा का? सॉरी हां. आम्हाला वाटलं, रस्ता आहे."

"जा, जा. रस्ताच आहे," अण्णा म्हणाले.

त्यांची खुर्ची नेमकी त्या वाटेवर होती. ते उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, आणि ती सगळी माणसं, मागे रेंगाळलेली एक म्हातारी बाईसुद्धा, पुढे जाईपर्यंत खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.